शांघायची तीन-चार दिवसांची ट्रिप: सगळेजण विचारतात ते प्रश्न

चायनाला फिरायला चाललोय म्हटलं की पहिला प्रश्न "तिकडे खाणार काय?" आणि मग व्हिसा, पैसे, व्हॉट्सॲप, आईचे गुडघे असं करत करत यादी वाढतच जाते. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलंय. ऑफिसच्या कामाला किंवा यीवू-ग्वांगझोऊच्या खरेदीला जोडून तीन-चार दिवस शांघायला काढणारे आपल्याकडे बरेच आहेत, त्यांनाही उपयोगी पडेल.

शांघायच का? बीजिंग का नाही?

चिनी भिंत बघायचीच असेल तर सरळ बीजिंगला जा, उगाच शांघायला येऊन हळहळू नका. पण बीजिंगमध्ये अंतरं लांबलांब, भिंतीला अख्खा दिवस जातो आणि राजवाड्याचं बुकिंग आधीच करावं लागतं. शांघायमध्ये बघण्यासारखं बरंचसं नदीच्या दोन काठांवर आहे, मेट्रो सगळीकडे जाते आणि नुसतं पायी भटकलं तरी दिवस सार्थकी लागतो. चार दिवसांत दोन्ही शहरं करू का असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर नाही असंच असतं, कारण फास्टातली फास्ट ट्रेनसुद्धा सव्वाचार-साडेचार तास घेते आणि स्टेशनवर येणं-जाणं धरलं की अर्धा दिवस गेलाच.

किती दिवस पुरे?

पूर्ण तीन दिवस. एक दिवस जुन्या काठाचा (पुशी म्हणतात त्याला), एक दिवस पलीकडच्या पुडोंगचा आणि म्युझियमचा, एक दिवस झाडांच्या गल्ल्यांमधून निवांत फिरण्याचा. चौथा मिळाला तर शहराबाहेर. दोनच दिवस असतील तरी जा, फक्त मग डिस्नेलँडचं नाव काढू नका.

व्हिसा लागतो का? कुणीतरी सांगितलं की १० दिवस व्हिसा फ्री आहे म्हणे...

ते आपल्यासाठी नाही! २४० तासांची ट्रान्झिट व्हिसा फ्री स्कीम ठराविक देशांच्या पासपोर्टसाठी आहे, त्या यादीत भारत नाही. रील्समध्ये जे गोरे लोक "नो व्हिसा" म्हणून उड्या मारतात ते बघून तिकीट काढू नका. आपल्याला साधा टुरिस्ट म्हणजे एल व्हिसा लागतो, मुंबईतून अर्ज करता येतो, फॉर्म लांबलचक आहे आणि त्यात नोकरी, शिक्षण, आधीचे प्रवास सगळं विचारतात, तेव्हा रात्री अकराला बसून घाईघाईत भरू नका. फोटोचा साइज आणि बॅकग्राउंड याबाबत ते फार काटेकोर असतात. फी आणि कागदपत्रं बदलत राहतात म्हणून अर्जाच्या दिवशी अधिकृत साइटच बघायची, एजंटच्या जुन्या पीडीएफवर जायचं नाही.

आपल्याला चालतो तो २४ तासांचा ट्रान्झिट. म्हणजे भारतातून शांघाय आणि पुढे २४ तासांच्या आत तिसऱ्या देशाचं कन्फर्म तिकीट, तर व्हिसाशिवाय थांबता येतं. पण एअरपोर्टच्या बाहेर पडायला इमिग्रेशन काउंटरवर परवानगी मागावी लागते आणि ती देणं न देणं त्या अधिकाऱ्याच्या हातात असतं. तिथे वेळ जातो, रांग असते, म्हणून सात-आठ तासांच्या थांब्यासाठी मी तरी हा खटाटोप करणार नाही. पंधरा-सोळा तास असतील तर नदीकाठ बघून होतो.

विमान कुठून पकडायचं?

२०२० मध्ये बंद झालेली डायरेक्ट फ्लाइट्स ऑक्टोबर २०२५ पासून हळूहळू परत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२५ पासून दिल्ली-शांघाय डायरेक्ट आहे. मुंबईकरांसाठी हाँगकाँग, सिंगापूर, बँकॉक किंवा क्वालालंपूर मार्गे जाणं हा नेहमीचा रस्ता, आणि त्याचा एक छुपा फायदा आहे, तो खाली मोबाइलच्या प्रश्नात येईल. उतरल्यावर बोटांचे ठसे घेतात. अरायव्हल कार्ड ऑनलाइन आधी भरता येतं, ते भरून ठेवलं की रांगेत पेन शोधत बसावं लागत नाही.

घड्याळ अडीच तास पुढे करा.

कोणत्या महिन्यात जाऊ?

एप्रिल, मेचा मधला भाग, ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि नोव्हेंबर. बस. जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत त्यांचा चिकचिक पाऊस असतो, ऑगस्टमध्ये ३५ च्या वर तापमान आणि दमट, त्यात वादळांचा सीझन, म्हणजे आपल्या मे महिन्यातून पळून तिकडे जाण्यात काही अर्थ नाही. जानेवारीत तापमान शून्याच्या आसपास उतरतं आणि ओलसर गारठा हाडात शिरतो.

सीझनपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या सुट्ट्या. १ ते ७ ऑक्टोबर, १ मेपासूनचे पाचेक दिवस आणि चिनी नववर्ष (जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं), या काळात अख्खा देश फिरायला निघालेला असतो. नदीकाठावर पोलिस आणि जवान हाताची साखळी करून गर्दी सोडतात, जवळचं मेट्रो स्टेशन गाडी न थांबवता पुढे काढतात. दिवाळीची सुट्टी आली म्हणून तारखा टाकण्याआधी हे कॅलेंडर नक्की बघा.

व्हॉट्सॲप चालतं का? गूगल मॅप?

हॉटेलच्या वायफायवर नाही. गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टा, यूट्यूब, फेसबुक सगळं बंद. पण तुमचं भारतातलं सिम इंटरनॅशनल रोमिंगवर असेल, किंवा ट्रॅव्हल ई-सिम घेतलं असेल, तर डेटा बाहेरच्या नेटवर्कमधून फिरून येतो आणि सगळं नेहमीसारखं चालतं. तिथे पोचून लोकल सिम घेतलं की मात्र पुन्हा बंद. म्हणून छोट्या ट्रिपला लोकल सिमच्या मागे लागूच नका. आणि रोमिंग चालू ठेवायचं दुसरं कारण ओटीपी! बँकेचा मेसेज आला नाही तर पुढचं सगळं अडतं.

गूगल मॅप उघडेल पण भरवशाचा नाही, रस्ते आणि ठिकाणं एकमेकांपासून सरकलेली दिसतात, तुम्ही फुटपाथवर उभे आणि मॅपमध्ये दुसऱ्याच ब्लॉकमध्ये. आयफोनवाल्यांनी ॲपल मॅप वापरा, तिथे चांगलं चालतं. अँड्रॉइडवाल्यांनी आमॅप घ्या, इंग्लिशमध्ये येतं.

पैसे कसे द्यायचे? यूपीआय चालेल?

हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

यूपीआय नाही. तिथे सगळं अलीपे आणि वीचॅटवर चालतं, अगदी रस्त्यावर भाजलेलं रताळं विकणाऱ्या मावशींच्या गाडीलाही क्यूआर कोड लटकवलेला असतो. अडचण अशी की ही दोन्ही ॲप्स २०२० मध्ये आपल्या सरकारने बॅन केली, त्यामुळे भारतात बसून स्टोअरमध्ये शोधली तर मिळत नाहीत. इथेच तो मधल्या स्टॉपचा फायदा: हाँगकाँग किंवा सिंगापूरच्या एअरपोर्टवर तासभर असतो, तिथल्या वायफायवर अलीपे इन्स्टॉल करायचं, पासपोर्टचा फोटो टाकून ओळख पटवायची, कार्ड जोडायचं. काही फोनमध्ये स्टोअरचा देश भारत असल्यामुळे तिथेही ॲप दिसत नाही, मग अँड्रॉइडवाल्यांनी अलीपेच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचं आणि आयफोनवाल्यांनी ॲपल अकाउंटचा देश बदलायची तयारी ठेवायची (त्यात सबस्क्रिप्शन चालू असलं की अडतं, हे आधी तपासा).

कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्ड असलेलं न्या, शक्यतो दोन वेगवेगळ्या बँकांची. घरून निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल आणि ऑनलाइन व्यवहार चालू करा. निम्म्या लोकांचं इथेच अडतं आणि मग शिव्या अलीपेला बसतात. २०० युआनपर्यंतच्या एका पेमेंटला अलीपे जास्तीचे पैसे लावत नाही, त्यावर गेलात तर ३ टक्के घेतं. तुमची बँक तिचा फॉरेक्स चार्ज वेगळा लावतेच.

एकदा हे जमलं की मजा येते. नूडल्सच्या दुकानात शिरायचं, टेबलाच्या कोपऱ्यात चिकटवलेला कोड स्कॅन करायचा, फोटोंसकट मेनू फोनवर उघडतो, सगळा चिनीत, स्क्रीनशॉट काढून ट्रान्सलेट मारायचं, हवं ते टिकमार्क करायचं, पैसे तिथेच कापले जातात आणि पाच मिनिटांत वाफाळतं भांडं समोर. कुणाशी एक शब्द बोलावा लागत नाही.

आणि तरीही ५००-६०० युआन रोख जवळ ठेवा, सुट्ट्या नोटांसकट. रोख नाकारणं तिथे कायद्याने चालत नाही, फक्त सुटे परत देताना दुकानदार जरा गल्ला चाचपत बसतो. युआनचा हिशेब ढोबळ १२-१३ रुपये धरून चला.

एअरपोर्टवरून शहरात कसं यायचं?

इंटरनॅशनल फ्लाइट्स बहुतेक पुडोंगला उतरतात. तिथून मॅगलेव्ह आहे, रुळाला न टेकता चुंबकावर पळणारी ट्रेन, ३० किलोमीटर आठ मिनिटांत. तिकीट ५० युआन, त्याच दिवसाचं विमानाचं तिकीट दाखवलं तर ४०. पूर्वी ४३१ च्या स्पीडने जायची, आता ३०० च्या आसपास चालवतात, तरी आकडा बघायला डब्यातले सगळे स्क्रीनकडे तोंड करून बसतात. ती तुम्हाला लोंगयांग रोडला सोडते, गावात नाही, तिथून पुढे मेट्रो. मोठ्या बॅगा, लहान मुलं, रात्रीचे दहा वाजलेले, असं असेल तर सरळ टॅक्सीच्या अधिकृत रांगेत उभे राहा. आत येऊन "टॅक्सी टॅक्सी" करणाऱ्यांकडे बघूही नका.

राहायचं कुठे?

पीपल्स स्क्वेअर, नानजिंग ईस्ट रोड किंवा जिंगआनच्या जवळ, मेट्रोपासून पाच मिनिटांत. स्वस्त मिळतंय म्हणून लांब गेलात तर रोजचा दीड तास मेट्रोत जाईल. बुकिंग करताना परदेशी पाहुणे घेतात ना, हे हॉटेलला विचारून घ्या. चेक-इनला पासपोर्ट घेऊन हॉटेलच पोलिसांकडे तुमची नोंद करतं. ओळखीच्यांच्या घरी उतरणार असाल तर ही नोंद २४ तासांच्या आत तुम्हालाच जवळच्या पोलिस चौकीत करावी लागते, "कोण बघतंय" म्हणून सोडून देऊ नका.

मेट्रो जमेल का?

मुंबईची लोकल जमते ना? मग हे काहीच नाही. ८०० किलोमीटरच्या वर जाळं आहे, पाट्या आणि अनाउन्समेंट इंग्लिशमध्येही आहेत, भाडं ३ युआनपासून. अलीपेमधला ट्रान्सपोर्ट कोड गेटवर दाखवला की झालं, नाहीतर एक दिवसाचा पास १८ चा आणि तीन दिवसांचा ४५ चा मिळतो. प्रत्येक स्टेशनवर बॅग एक्स-रे मशीनमधून जाते. शेवटच्या गाड्या रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास संपतात, नदीकाठी दिवे बघत उशीर केला तर टॅक्सी.

नदीकाठचा तो फेमस भाग (बंड) कधी बघायचा?

दोनदा. एकदा रात्री, एकदा पहाटे.

रात्री सगळेच जातात. अंधार पडल्यावर दिवे लागतात आणि दहाच्या सुमारास बंद होतात, म्हणजे जेवण उरकून निवांत जाऊ म्हणाल तर काळोख बघून परत याल. अलीकडे शंभर वर्षांपूर्वीच्या दगडी बँका आणि हॉटेलं पिवळ्या उजेडात, पलीकडे पुडोंगचे टॉवर रंगीबेरंगी. गर्दी असते पण शिस्तीची.

पहाटे सहा-साडेसहाला तोच काठ रिकामा असतो. आजी-आजोबा ताई-ची करत असतात, कुणी पतंग उडवतं, बार्जेस भोंगे देत जातात. तेव्हा इमारती नीट बघता येतात. त्यातली हिरव्या पिरॅमिड छपराची ती १९२९ ची, आजचं पीस हॉटेल. ती बांधली व्हिक्टर ससूनने. ससून म्हणजे तेच हो, कुलाब्याचा ससून डॉक, काळा घोड्याची लायब्ररी, पुण्याचं ससून हॉस्पिटल! डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आले, कापूस आणि अफूच्या व्यापारात घराण्याने अफाट पैसा केला, ती अफू मुंबईहून चीनला जायची, आणि पणतू व्हिक्टरने मुंबईतून मुक्काम हलवून शांघायच्या जागांमध्ये पैसा ओतला. त्या दारासमोर उभं राहिलं की ससूनच्या ओपीडीची रांग आठवून जरा विचित्रच वाटतं, इकडे दवाखाना आणि तिकडे हे, दोन्हीच्या मुळाशी तोच धंदा. गाइड लोक हॉटेलातल्या जॅझ बँडबद्दल सांगतात, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

नदी पार करायला महागडी क्रूझ घ्यायची गरज नाही, रोजच्या लोकांची साधी फेरी २ युआनमध्ये नेते. भाऊच्या धक्क्यावरून जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, रेलिंगजवळची जागा धरा.

कोणत्या टॉवरवर चढू?

चार आहेत: गुलाबी गोळ्यांचा ओरिएंटल पर्ल (४६८ मीटर), जिन माओ (४२० च्या वर), बाटली उघडायच्या ओपनरसारखा दिसणारा वर्ल्ड फायनान्शियल सेंटर (४९२), आणि पीळ दिलेला शांघाय टॉवर, ६३२ मीटर, १२८ मजले, २०१५ मध्ये पूर्ण झाला. वर जायचं असेल तर एकच, शांघाय टॉवर, डेक ५४६ मीटरवर आहे. पण तिकीट आधी काढू नका! सकाळी खिडकीतून टॉवरचं टोक दिसतंय का बघा, नसेल दिसत तर वर जाऊन ढगाच्या आत उभं राहायचे पैसे द्याल. मला विचाराल तर वर न जाता खालच्या गोल पादचारी पुलावरून माना वर करून बघणं फुकटात आणि जास्त भारी आहे.

यू गार्डन वर्थ आहे का?

बाग हो, बाजार ठीक. मिंग काळातल्या एका अधिकाऱ्याने १५५९ मध्ये आपल्या आईवडिलांसाठी सुरू केलेली ही बाग पूर्ण व्हायला १५७७ उजाडलं. आत तळी, दगडी टेकाडं, आणि भिंतींवरून सरपटत गेलेला ड्रॅगन, त्याचं शेपूट कुठे संपतं ते शोधायला मुलांना लावा, अर्धा तास शांततेत जाईल. तिकीट सीझनप्रमाणे ३०-४० युआन, सोमवार टाळा. बाहेरचा बाजार आणि नागमोडी पूल फुकट आहे पण दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, सकाळी उघडतानाच जा. बाजारात सांगितलेली किंमत ही सुरुवात समजायची, तुळशीबागेत तयार झालेल्यांना अडचण येऊ नये.

जुना फ्रेंच भाग म्हणजे नक्की काय बघायचं?

काहीच नाही, आणि तेच बघायचं. १८४९ पासून १९४३ पर्यंत हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी त्यांनी लावलेली चिनारासारखी झाडं वर जाऊन एकमेकांना मिळालीत. वुकांग रोडपासून सुरू करा, टोकाला १९२४ ची वुकांग मॅन्शन आहे, जहाजाच्या नाळेसारखी निमुळती, लास्लो हुडेक या आर्किटेक्टची. समोरच्या चौकात फोटो काढणाऱ्यांची इतकी झुंबड असते की वॉर्डन शिट्ट्या मारत असतात. तिथून आतल्या गल्ल्यांत शिरलात की शांत, बांबूच्या काठीवर वाळणारे कपडे, दारात भाजी निवडणारी बाई, सायकल दुरुस्त करणारा.

नानछांग रोड आणि माओमिंग साऊथ रोडच्या कोपऱ्यावर रवींद्रनाथ टागोरांचा अर्धपुतळा आहे. २०१० मध्ये आपल्या तेव्हाच्या राष्ट्रपती, जळगावच्या प्रतिभाताई पाटील, यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. शिनथ्येनदी नावाच्या भागातल्या चकाचक कॅफेंना लागून चिनी कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन १९२१ मध्ये झालं ती जागा आहे. एका बाजूला कॉफी पिणारे, दुसऱ्या बाजूला लाल झेंड्यासोबत फोटो काढणाऱ्या सहली, बघण्यासारखं दृश्य असतं.

म्युझियमसाठी वेळ काढू का?

एकच काढा, पुडोंगचं शांघाय म्युझियम ईस्ट. २०२४ मध्ये उघडलं, प्रवेश फुकट, ब्राँझच्या भांड्यांचं दालन जबरदस्त आहे. तीन हजार वर्षांपूर्वीचे हंडे आणि त्यावरचं बारीक काम बघून थक्क व्हायला होतं. मंगळवारी बंद असतं, बाकीची बहुतेक म्युझियम सोमवारी. पासपोर्ट बरोबर हवाच.

गाइडबुकात नसलेलं काही सांगा ना

शनिवार-रविवारी दुपारी पीपल्स पार्कला जा. वाटेच्या दोन्ही बाजूंना उघड्या छत्र्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येक छत्रीवर एक कागद: जन्मसाल, उंची, शिक्षण, नोकरी, पगार, शांघायमध्ये घर आहे की नाही, अपेक्षा. मुलं-मुली कुठेच नाहीत! आईवडीलच छोट्या स्टुलांवर बसलेले, एकमेकांचे कागद चष्मा वर करून वाचतायत, वहीत नंबर उतरवतायत. एक आजोबा तर भिंग घेऊन फिरत होते. आपला वधू-वर मेळावा छत्र्यांवर भरवलाय असं समजा, फक्त पोहे नाहीत. कागदांचे क्लोजअप फोटो काढू नका, त्यांना आवडत नाही आणि बरोबरच आहे.

चौथ्या दिवशी कुठे? सुझोऊ, हांगझोऊ की डिस्नेलँड?

मुलं असतील तर वाद नाही, डिस्नेलँड, मेट्रोची ११ नंबर लाइन थेट जाते, अख्खा दिवस द्या. मोठ्यांसाठी झुजियाजियाओ, कालव्यांवरचं जुनं गाव, १७ नंबरच्या मेट्रोने जाता येतं. तिथला पाच कमानींचा दगडी पूल १५७१ चा आहे. सकाळी लवकर गेलात तर होड्या आणि पाणी, दुपारी गेलात तर सेल्फी स्टिक्स.

सुझोऊ फास्ट ट्रेनने अर्ध्या तासावर आहे, तिथल्या बागा युनेस्कोच्या यादीत आहेत आणि बागांची आवड असेल तर यू गार्डनपेक्षा कितीतरी सरस. हांगझोऊ तासाभरावर, पण त्याला एक रात्र द्यायला हवी. ट्रेनचं तिकीट पासपोर्ट नंबरवर निघतं, १२३०६ नावाचं सरकारी ॲप इंग्लिशमध्ये आहे. स्टेशनं एअरपोर्टएवढी मोठी, ४० मिनिटं आधी पोचा.

शाकाहारी लोकांचं काय? जैन?

उपाशी राहणार नाही, पण "व्हेज" हा शब्द तिथे पुरेसा नाही. पालेभाजी मागवली तरी ती डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, टोफूवर खिमा भुरभुरवलेला असतो, नूडल्सच्या पाण्यात हाडं उकळलेली. म्हणून "वो छ् सू" एवढं पाठ करा, मी शाकाहारी, आणि मांस, मासे, कोळंबी, अंडं, चरबी काहीच नको असा चिनी मजकूर फोनमध्ये स्क्रीनशॉट म्हणून ठेवा, उच्चारापेक्षा तो जास्त चालतो.

खरा आधार बौद्ध शाकाहारी जागांचा. नानजिंग वेस्ट रोडवर गोंगदेलिन आहे, १९२२ पासूनचं, तिथे सोयाबीनचं बदक आणि मशरूमचा मासा असलं काय काय मिळतं, दिसायला इतकं खरं की काकूंनी ताट सरकवून दिलं तर नवल नाही. बौद्ध पद्धतीच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही टाळतात, त्यामुळे जैन मंडळींची चांगली सोय होते, मुळा-बटाट्याचं तेवढं विचारून घ्या. जेड बुद्ध मंदिरातही शाकाहारी नूडल्स मिळतात, आणि मंदिर बघण्यासारखं आहेच, १८८२ मध्ये ब्रह्मदेशातून आणलेल्या जेडच्या मूर्तींसाठी बांधलेलं.

अंडं चालत असेल तर आयुष्य खूप सोपं होतं: टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात कुठेही मिळतो. पातीच्या कांद्याच्या तेलातल्या कोरड्या नूडल्स मागवताना सुकी कोळंबी नको म्हणा. नॉनव्हेजवाल्यांनी श्याओलोंगबाओ (सारण भरून वाफवलेले डम्पलिंग) खाल्ल्याशिवाय परत यायचं नाही, पण आत डुक्कर असतं आणि गरम सूपही. वरून हळूच चावून आधी सूप प्या, अख्खं तोंडात टाकलंत तर जीभ गेली. डुक्कर चालत नसेल तर लानझोऊ नूडल्सची हलाल दुकानं गल्लोगल्ली आहेत, समोर पीठ ओढून नूडल्स करतात.

इंडियन रेस्टॉरंट आहेत, महाग आहेत, थाळी आठवली तरच जा. थेपले, मेतकूट, इन्स्टंट उपमा बॅगेत असू द्या, हॉटेलच्या खोलीत किटली असतेच.

आई-बाबांना नेऊ का?

जरूर. फक्त चालणं खूप आहे आणि मेट्रोत लाइन बदलताना लांब बोगदे लागतात. त्यांच्यासाठी दीदी (तिकडची ओला-उबर) टॅक्सी वापरा, अलीपेच्या आतूनच बुक होते, पत्ता चिनीतून टाकता येतो, ड्रायव्हर काही बोलला तर ॲप भाषांतर करून देतं. दुपारी दोन तास हॉटेलवर आराम ठेवा. सार्वजनिक टॉयलेट भरपूर आणि फुकट आहेत पण बरीचशी भारतीय पद्धतीची, गुडघेदुखीवाल्यांनी मॉल शोधायचा. टिश्यू नेहमी खिशात.

इंग्लिश चालतं का? लोक कसे वागतात?

हॉटेलात चालतं, बाकी ट्रान्सलेट ॲपवर. चिनी भाषा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. हॉटेलचं कार्ड चिनी पत्त्यासकट जवळ असू द्या. लोक मदत करतात, फोन पुढे केला की वाचून उत्तर टाइप करून देतात. भारतीय म्हटल्यावर हिंदी सिनेमाचा विषय निघतोच. राजकारण, सीमा, असले विषय काढायचे नाहीत, फिरायला गेलोय आपण.

सेफ आहे का? फसवणूक होते का?

रात्री अकराला एकट्या मुलीने फिरावं इतकं सेफ. फसवणुकीचा एक जुना प्रकार मात्र अजून चालतो: नानजिंग रोड किंवा पीपल्स स्क्वेअरला गोड बोलणारे दोन-तीन तरुण "आमचा फोटो काढता का" म्हणून येतात, इंग्लिश छान, गप्पा मारतात, मग "चला पारंपरिक चहा समारंभाला", आणि चार कप चहाचं बिल हजारोंत. हसून नाही म्हणायचं आणि चालू लागायचं. पोलिस ११०, ॲम्ब्युलन्स १२०. भारताचं कॉन्सुलेट शांघायमध्येच आहे, पासपोर्ट हरवला तर तिथे. म्हणून पासपोर्टची कॉपी वेगळ्या बॅगेत.

डॉ. कोटनीसांचं स्मारक शांघायला आहे का?

नाही. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटनीसांची समाधी हबेई प्रांतात शिज्याझ्वांगला आहे, तिकडे जायचं तर बीजिंगच्या ट्रिपला जोडा, फास्ट ट्रेनने सव्वा-दीड तास.

बाकी किरकोळ?

व्होल्टेज जवळपास आपल्यासारखंच, २२० आहे, बारीक दोन पिनांचा चार्जर बसतो, आपला तीन गोल पिनांचा बसत नाही, ॲडाप्टर न्या. नळाचं पाणी पिऊ नका, गरम पाणी जिथे तिथे फुकट मिळतं, बाटली थर्मासची न्या. टिप देत नाहीत. चीनमधल्या चीनमध्ये विमानाने जाणार असाल तर पॉवर बँकवर ३सी चा (चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राचा) शिक्का लागतो, २०२५ च्या जूनपासून बिनशिक्क्याच्या पॉवर बँका सिक्युरिटीत काढून घेतात. त्यासाठी नवीन घेण्यापेक्षा ट्रेनने जा.